जागल

छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्याच्या विमानतळावर बायकांच्या तपासणीसाठी पडदा लावलेला एक आडोसा आहे. त्या आडोशातून मी बाहेर आले तेव्हा पट्ट्यावरून पुढे आलेली माझी करडी बॅग बाजूला काढून ठेवलेली होती आणि तिच्यापाशी माझा मुलगा उभा होता. मशीन, नळी, नाकावरचा मास्क असं सगळं ट्रेमध्ये उघडं पडलेलं. सीआयएसएफची एक तरुण मुलगी त्याच्याकडे बोट दाखवून विचारत होती, “ये क्या है?” मागे रांग होती. मी तोंड उघडायच्या आधीच मुलगा म्हणाला, “मम्मी का है. अस्थमा है उनको.” तिनं मान हलवली, कागदाची एक पट्टी मशीनवरून फिरवली, ती शेजारच्या यंत्रात घालून पाहिली आणि “ठीक है” म्हणत ट्रे पुढे सरकवला. मुलानं भराभर नळी गुंडाळली, मशीन आत घातलं, चेन ओढली आणि बॅग स्वतःच्या खांद्याला अडकवली.

मला दमा नाही.

मला झोपेत श्वास थांबण्याचा आजार आहे. डॉक्टर त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात, आणि त्याचं चारचौघांना ऐकू येणारं लक्षण म्हणजे घोरणं. माझ्या मुलाला हे सगळं माहीत आहे. तपासणीला मला घेऊन गेला तो, वेगवेगळ्या आकाराचे मास्क माझ्या नाकाला लावून बघितले त्यानं, आणि मशीनमधल्या कार्डावरचे आकडे डॉक्टरांना पाठवतो तोही तोच. तेव्हा त्याला या आजाराची लाज वाटते असं मी म्हणणार नाही. पण अनोळखी माणसांच्या रांगेत आपल्या आईविषयी ‘ही घोरते’ असं त्याला म्हणवलं नाही. दमा चालतो. दमा आजोबांना असतो, शेजारच्या काकांना असतो, दम्याचा पंप बसस्टँडवर उभं राहून ओढला तरी लोक कळवळतात. विमान सुटायला अजून वेळ होता. तो माझ्यासाठी चहा घेऊन आला, मी प्यायले, आम्ही लेकीच्या बाळंतपणाविषयी बोलत राहिलो. त्याला रागवावं असं काही नव्हतंच. तरी चहाचा घोट गिळताना घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं, आणि ते मुंबईला उतरेपर्यंत तसंच होतं.

माझे सासरे घोरायचे. ते वाड्याच्या ढाळजेत बाजेवर झोपत आणि त्यांचा आवाज माजघरापर्यंत यायचा. घरात त्याचं कौतुक होतं. दादा घोरतायत तोवर चोराची वाड्यात शिरायची छाती होत नाही, असं सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या. माणूस दमून भागून आला, पोटभर जेवला, गाढ झोपला, म्हणून घोरतो, असा सगळा हिशेब होता. मी लग्न होऊन त्या घरात जाताना माझ्या मायनं मला एकांतात नेऊन ज्या गोष्टी सांगितल्या, त्यात एक ही होती: “पोरी, उताणी झोपत जाऊ नगंस. कुशीवर झोप.” मला वाटलं, बाईमाणसानं कसं झोपावं याची ती शिस्त शिकवते आहे. पुढे कितीतरी वर्षांनी झोपेच्या डॉक्टरांनी मला हेच सांगितलं. पाठीवर झोपलं की जीभ मागे पडते आणि वाट अडते, कुशीवर वळलं की बऱ्याच जणांचा त्रास कमी होतो. मायला हे कुणी सांगितलं असेल? कुणी नाही. तिनं ते स्वतःच्या अंगावरून शिकून घेतलं होतं.

झोपेच्या तपासणीच्या रात्री डोक्याला तारा चिकटवल्या होत्या, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, नाकाशी एक बारीक नळी. इतक्या तारांत झोप कसली लागणार असं मनात म्हणेपर्यंत लागलीसुद्धा. सकाळी आकडे आले. तासाला ३८ वेळा माझा श्वास पूर्ण थांबत होता किंवा अगदी उथळ होत होता. निदान १० सेकंद तसं झालं तरच ते मोजतात. ताशी ५ च्या आत असेल तर ठीक, ३० च्या वर गेलं की आजार तीव्र. ऑक्सिजन ७४ टक्क्यांपर्यंत उतरला होता. डॉक्टरांनी माझ्या जुन्या फायली मागून घेतल्या आणि एकेक उघडून टेबलावर ठेवत गेले. एकीत थायरॉइड. एकीत रक्त कमी. एकीत पाळी जाण्याचं वय. एकीत ‘मानसिक ताण’ आणि झोपेची गोळी. झोपेच्या काही गोळ्या या आजारात घसा आणखी सैल करतात. प्रत्येक फायलीत माझ्या थकव्याचं निराळं कारण होतं आणि एकीतही, रात्री घोरता का, हा प्रश्न नव्हता. ते म्हणाले, पुरुषाला त्याची बायको घेऊन येते, हे फार घोरतात म्हणून. बाई येते ती डोकं दुखतं, झोप नीट होत नाही, उदास वाटतं, असं सांगत. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा आजार वाढतो, पण त्या वयात बाईच्या थकव्याला कारण शोधायची गरज कुणाला वाटत नाही, हे मात्र माझं म्हणणं.

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, श्वासाची वाट मिटते. मेंदू दचकून उठवतो, वाट उघडते, पुन्हा डोळा लागतो, पुन्हा मिटते. सकाळी यातलं काही आठवत नाही, फक्त डोकं जड असतं. माझं मशीन, त्याला सीपॅप म्हणतात, घशात साध्या हवेचा दाब ठेवतं आणि तेवढ्यानं वाट उघडी राहते. खचू पाहणाऱ्या माळवदाला खालून टेकू दिला, इतकंच ते काम. औषध नाही, ऑक्सिजनचा सिलिंडर नाही. १९८० मध्ये सिडनीत कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा एका रुग्णावर करून पाहिलं, व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरून. त्याआधी आजार फार वाढला तर घशाला भोक पाडणं हाच खात्रीचा उपाय होता. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. मी ते वाचलं तेव्हा मनात पहिला हिशेब केला तो मायच्या वयाचा. तेव्हा ती पस्तिशीच्या आतबाहेर असेल. आमच्या गावात त्या वेळी वीजसुद्धा नीट टिकत नव्हती, त्यामुळे सिडनीतल्या त्या मोटरीचा तिला काही उपयोग झाला असता असं मला वाटत नाही. पण निदान आपल्याला काय होतंय याचं नाव तिला कळलं असतं.

आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरची ती भूकंपाची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं, आमच्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. आमच्या घराची मागची भिंत गेली, माणसं वाचली. त्यानंतर कितीतरी दिवस माळवदाखाली पाठ टेकायला कुणी तयार नव्हतं. खळ्यावर, रानात, पुढे पत्र्याच्या शेडात, सगळी गल्ली ओळीनं झोपायची. वाकळा ओल्या व्हायच्या, लेकरं मधेच किंचाळून उठायची, कुत्री भुंकायला लागली की बाया गळ्यातलं मंगळसूत्र घट्ट धरून बसायच्या. आणि त्या ओळीत मायचं घोरणं, जे तोवर आमच्या चार भिंतींत होतं, ते अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. एका रात्री अंधारातून कुणीतरी म्हणालं, “कोन घोरूलालंय गं एवढं? डोळ्याला डोळा लागू देईना.” दोनचार बाया हसल्या. त्या दिवसांत हसू इतकं दुर्मीळ होतं की मलाही ते बरं वाटलं, हे मला नीट आठवतं.

दुसऱ्या दिवशी माय म्हणाली, “तुम्ही झोपा. मी जागल करते. हादरा आला तर उठवते समद्यांना.”

आणि ती बसली. ज्वारीच्या पोत्याला पाठ लावून, कंदील बारीक करून, डोक्याला फडकं आवळून. त्या रात्री, त्याच्या पुढच्या रात्री, कितीतरी रात्री. गल्लीतली म्हातारी माणसं तिला दुवा द्यायची. बाप्ये झोपले आणि ही बाई आपल्यासाठी जागते, म्हणायची. दिवसा ती भाकरी थापता थापता पेंगायची, हातातला उंडा तसाच राहायचा आणि तव्यावरची भाकरी करपायची. आजी म्हणायची, हिचं कामात ध्यानच नाही. मी कॉलेजात शिकणारी पोर, मला माझ्या मायचा अभिमान वाटायचा. भूकंपाच्या आठवणी सांगताना मी वर्गात मुलांना ही गोष्ट कितीदा सांगितली आहे, धैर्याचं उदाहरण म्हणून. स्वतःच्या नाकावर मास्क चढला त्या वर्षी, एका रात्री दिवा मालवताना, ती गोष्ट मला दुसऱ्या बाजूनं दिसली. त्या हसण्यानंतर माय पुन्हा त्या ओळीत झोपलीच नव्हती. हादऱ्यांची भीती खरी होती, गल्लीची काळजीही खरी होती, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्या सगळ्याच्या खाली आपला आवाज कुणाला ऐकू जाऊ नये, हेही असणार. पुढे तिचं बीपी वाढलं, मग लकवा मारला, मग ती गेली. तिला हाच आजार होता असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कुणी तपासलंच नाही.

मीही जागलच केली आहे. मंगल कार्यालयात रात्री बायकांसाठी लांबच लांब सतरंज्या अंथरतात, नऊवारीतल्या म्हाताऱ्यांपासून तान्ह्या लेकरांपर्यंत सगळ्या तिथं आडव्या होतात, बांगड्या किणकिणत राहतात, कुणीतरी हळू आवाजात जुनी भांडणं उकरत असतं. मी त्यात कधी झोपले नाही. रुखवत मांडायचं बघते, हळदीचं बघते, आचाऱ्याला उठवायचं आहे, असं काहीतरी काढून मी खुर्चीवर बसून रात्र काढायची. ‘किती राबते बाई’ म्हणून माझं नाव झालं. दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं चालू असताना माझे डोळे मिटायचे. शाळेच्या सहलीत मुलींच्या खोलीत झोपायची पाळी आली की अंगावर काटा यायचा. घरी नवऱ्यानं हळूच आपलं अंथरूण हॉलमध्ये नेलं, मला काही न बोलता. त्यात त्यांचा चांगुलपणा होता. पण त्या न बोलण्यात आम्ही किती वर्षं घालवली! एका वाक्यानं मी डॉक्टरकडे गेले असते.

मशीन घरी आलं ते २०२१ नंतर, आणि त्याचा एक वेगळाच त्रास झाला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, आमच्या गल्लीतली माणसं घाटीच्या सरकारी दवाखान्यात आणि खाजगी दवाखान्यांत अशाच नळ्या लावून पडली होती. सीपॅप आणि त्याच्याच जातीचं बायपॅप हे शब्द शेतमजुरापर्यंत त्याच महिन्यात पोचले. बायपॅपवर ठेवलंय म्हणजे काय, हे लोक एकमेकांच्या चेहऱ्यांवरून समजून घ्यायचे. माझा दीर त्यातच गेला. पुढे माझं मशीन आल्यावर मी पहिल्यांदा मास्क लावून पलंगावर आडवी झाले, आणि सासूबाई दारात आल्या, त्या तिथंच खाली बसल्या. त्यांना समजावताना मला मास्क काढावा लागला. अजूनही त्या रात्री माझ्या खोलीत येत नाहीत, दाराबाहेरूनच विचारतात, “झोपलीस का?” मशीनची हवा बारीक सुसावत असते, ती त्यांना ऐकू जाते, मग त्या जातात.

आमच्या शहराला ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण फार जवळची. जायकवाडी धरण आमच्याच जिल्ह्यात आणि सिडकोतल्या नळाला पाणी यायची वाट दिवस दिवस बघायची. आता माझ्या उशाला खरोखर पाण्याची छोटी टाकी असते, मशीनला जोडलेली, हवा ओलसर करून घशाची कोरड घालवणारी. तिला डिस्टिल्ड वॉटर लागतं. बोअरचं पाणी घातलं तर चार दिवसांत पांढरा थर. मी ते कॅन घेऊन दुकानातून निघाले की ओळखीचे लोक विचारतात, इन्व्हर्टरसाठी का? हो म्हणायची सवय लागली होती. ती मी मोडली आहे.

तर लेकीचं बाळंतपण जर्मनीत, म्युनिकला. जायची तयारी सुरू झाली तेव्हा घरभर डिंक, अळीव, खारका, सुकं खोबरं. येसर भाजल्याचा वास पडद्यांना लागलेला. केबिनच्या बॅगेला सात किलोची मर्यादा आणि मशीनची बॅग निराळी. वजनकाट्याशी बसलेल्या माझ्या नवऱ्यानं सहज म्हटलं, “ते मशीन मोठ्या बॅगेत टाक ना, लाडवांना जागा होईल.” मी नाही म्हटलं. मशीन चेक-इनच्या सामानात द्यायचं नसतं. बॅग आदळली, हरवली, दुसऱ्याच गावाला गेली, तर मी रात्री काय करणार? बऱ्याच विमान कंपन्या वैद्यकीय उपकरण हाताच्या सामानात मोजत नाहीत, डॉक्टरांचं पत्र जवळ असलं म्हणजे झालं. टाकी रिकामी करून, पुसून, कोरडी करून ठेवायची, नाहीतर बॅग आडवी होताच पाणी मोटरीत जातं. बॅटरी घेतली तिचं गणित मी फळ्यावर मांडतात तसं वहीत मांडलं: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. २४ गुणिले ४, बरोबर ९६. लिथियमची बॅटरी सोबतच न्यावी लागते. १०० पर्यंत अडचण नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची प्रवाशाला नेताच येत नाही. पाणी गरम करायचं बंद ठेवलं तर या बॅटरीवर एक रात्र निघते. मशीन १०० ते २४० व्होल्टवर कुठंही चालतं, फक्त तिकडच्या गोल पिनांसाठी प्लग घ्यावा लागला. हे सगळं मी इतक्या तपशिलात लिहिते, कारण माझ्यासारखी कुणी जाणार असेल तर तिला ते कुणाला विचारावं लागू नये.

विमानात मशीन लावायचं असेल तर निदान ४८ तास आधी कळवा, असं बहुतेक कंपन्या सांगतात. मी मुलाला ते कळवू दिलं नव्हतं. एका रात्रीचा तर प्रश्न, म्हटलं. तोही पुढे काही बोलला नाही. चिकलठाण्याच्या त्या ट्रेपाशी जे झालं त्याचं मूळ या आमच्या दोघांच्या गप्प बसण्यातही होतं.

मुंबईला त्याचा निरोप घेताना मी ते काढलं. रागानं नाही. म्हटलं, दमा आहे असं सांगू नकोस कुणाला. उद्या मला विमानात काही झालं आणि तिथल्या डॉक्टरला तू सांगितलेलं कळलं, तर तो दम्याचं औषध देईल. कधी ऑपरेशन झालं तर भूल देणाऱ्याला हा आजार आधी कळायला हवा, नाहीतर जीवावर बेततं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आई, ती पोरगी हसली असती तर मला सहन झालं नसतं.” मला एकदम त्या खळ्यावरच्या अंधारातलं हसू आठवलं. याला ती गोष्ट मी कधी सांगितलीच नव्हती. धैर्याची सांगितली होती, हसण्याची नाही. मग तिथं, ट्रॉल्यांच्या गर्दीत उभं राहून, मी त्याला ती पूर्ण सांगितली. त्यानं माझ्या खांद्यावरची बॅग नीट केली आणि बराच वेळ तो पट्टा सोडला नाही.

आतल्या तपासणीत मी एकटी होते. उत्तर तयार ठेवलं होतं, हिंदीत, मनात घोकून. माझी पाळी आली. बॅग उघडायच्या आधीच तिथली बाई म्हणाली, “सीपॅप है ना? बाहर निकालके ट्रे में रखिए.” एवढंच. माझ्या मागच्या गृहस्थांच्या खांद्यालाही तशीच करडी बॅग होती. माझं घोकलेलं वाक्य तोंडातच राहिलं, आणि मला हलकं वाटण्याऐवजी वाईट वाटलं. किती वर्षं मी हे लपवण्यात घालवली, आणि इथं ते कुणाला ऐकायचंही नव्हतं.

विमान मध्यरात्रीनंतर सुटलं. दिवे मंदावले. ३५,००० फुटांवर उडणाऱ्या विमानात हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फुटांच्या डोंगरावर असतो तेवढाच ठेवतात. महाबळेश्वरही त्यापेक्षा खाली आहे. निरोगी माणसाला ते जाणवत नाही, पण माझ्यासारखीचा ऑक्सिजन झोपेत आधीच उतरतो, तो आणखी उतरायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, मशीनशिवाय झोपू नका. मी झोपले नाही. शेजारी एक गृहस्थ मान मागे टाकून मोकळेपणानं घोरत होते. त्यांचा श्वास मधेच थांबायचा, मी मोजायची, आणि मोठ्या आचक्यानं सुरू व्हायचा. पुढच्या रांगेतली बाई एकदा मागं वळून हसली आणि तिनं कानात बोळे घातले. हवाईसुंदरीनं त्यांच्या अंगावरचं सरकलेलं पांघरूण वर ओढलं. मला त्यांचा हेवा वाटला आणि त्यांची काळजीही वाटली. सकाळी उतरताना त्यांना म्हणावंसं वाटलं, एकदा तपासून घ्या. म्हटलंही. त्यांनी “थँक यू” म्हणून बॅग काढली, ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

लेकीच्या घरी पहिल्या रात्री मी मशीन लावत होते तेव्हा ती पोटावर हात ठेवून पलंगाच्या कडेला येऊन बसली. म्हणाली, “मीपण घोरते गं आता.” सातव्या महिन्यापासून सुरू झालं होतं. नवऱ्यानं ते दवाखान्यात स्वतःहून सांगितलं, तिथल्या डॉक्टरांनी बीपीवर जास्त लक्ष ठेवायला सुरुवात केली; गरोदरपणात घोरणं वाढतं आणि कुणाकुणात ते रक्तदाबाशी जोडलेलं असतं. जावई हे सगळं माझ्यासमोर साध्या आवाजात बोलत होता, ही रात्री कशी झोपते, कुठल्या कुशीवर बरं वाटतं. मला एक क्षण अवघडल्यासारखं झालं. मग मी तिला आजीचं ते वाक्य सांगितलं, उताणी झोपत जाऊ नगंस. ती म्हणाली, डॉक्टरही हेच म्हणाले. नात सुखरूप झाली. लाडू पुरले नाहीत.

परतताना लेकीनं विमान कंपनीला आधी कळवलं, बॅटरीचा फोटो पाठवला, पत्राची प्रत दिली. सांगण्यासारखं काही घडलं नाही. विमान वर गेल्यावर मी मास्क लावला आणि झोपले, उतरायच्या आधी काढून ठेवला.

या उन्हाळ्यात औशाला मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. कार्यालयात रात्री सतरंज्या पडल्या तेव्हा मी प्लगजवळची जागा धरली, एक्स्टेंशन बोर्ड सोबत नेला होता. बायका गोळा झाल्या. हात लावून बघितलं, मास्कची हवा गालावर घेतली, कुणी विचारलं किती रुपयाला पडलं, कुणी विचारलं रोज लावायचं का, जन्मभर? हो म्हटलं, रोज. एकदोघी हसल्या. मी लावून झोपले. पहाटे तोंड धुवायला गेले तर मोठी मावशी हौदापाशी एकटी बसलेली. तिचं वय पंचाहत्तरच्या पुढे, डोक्याला फडकं आवळलेलं. मी विचारलं, झोपली नाहीस? म्हणाली, “मी कुठं झोपते गं लग्नात. मला घोरायचा लई नाद हाय, उगं दुसऱ्याला तरास.” मग माझा हात धरून हळूच, “रातच्याला दचकून उठते बघ, जीव गुदमरल्यावानी. त्या डब्ब्यानं थांबंल का?”

मी तिच्या मुलाला त्याच दिवशी गाठलं. तो मांडवातला हिशेब करत होता. म्हणाला, “अक्का, तिला काय झालंय? नुसती घोरती ती. वयच हाय.” मी त्याला ऑक्सिजनचं सांगितलं, बीपीचं सांगितलं, आमच्या मायचं सांगितलं. तो हो हो म्हणाला. पेरणी झाली की जाऊ, म्हणाला. पेरणी होऊन पाऊस ओसरायला आला. मी दर आठवड्याला फोन करते, कधी तो उचलतो, कधी मावशी उचलते आणि शेजारी कुणी असेल तर ज्वारीचा भाव विचारते. लातूरच्या डॉक्टरांची वेळ मी पुढच्या सोमवारची घेऊन ठेवली आहे. तो येतो म्हणालाय. नाही आला तर रविवारच्या एसटीनं मी औशाला जाणार आहे, मावशीला मीच घेऊन जाईन.